सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात खासगी हॉस्पिटल : पैसा नेमका कुणाच्या खात्यात जाणार?

जमाखर्च :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आज धागा काढतोच. आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमागं जुने क्वार्टर पाडून मोकळी झालेली जागा आहे आणि सध्या सगळीकडं एकच चर्चा, की ती जागा पीपीपीवर, म्हणजे सरकार-खासगी भागीदारीत, देऊन तिथं हार्ट आणि कॅन्सरचं खासगी हॉस्पिटल उभं करणार. कागद अजून कुणाच्या हातात नाही. लोक मात्र खुश आहेत आणि का नसावेत, अँजिओप्लास्टीला पेशंटला तास न् तास गाडीत घालून मोठ्या शहरात न्यायला लागतं, वाटेतच माणूस गेला अशी घरं प्रत्येक गल्लीत सापडतील. माझी नोकरी सरकारी हॉस्पिटलच्या अकाउंट सेक्शनला झाली त्यामुळं मला इमारतीच्या आधी पैशाचा प्रश्न पडतो.

ही कल्पना आमच्या पुढाऱ्यांची नाही. २०१७ साली नीती आयोगानं जागतिक बँकेची मदत घेऊन एक मसुदा करार राज्यांना पाठवला होता. मोठी आठ महानगरं सोडून बाकी शहरांत जिल्हा रुग्णालयाच्या इमारतीचा किंवा जागेचा एक भाग ३० वर्षांच्या लीजवर खासगी कंपनीला द्यायचा, तिनं तिथं ५० नाहीतर १०० खाटांचं हॉस्पिटल काढायचं, हृदय, फुफ्फुस आणि कॅन्सर या तीन आजारांसाठी. ब्लड बँक, अँब्युलन्स, शवागार, पार्किंग, बायोमेडिकल कचरा हे सिव्हिलचंच दोघांनी वापरायचं. आणि फुकट खाटांचा राखीव कोटा नाही. सरकारी आरोग्य योजनेतला पेशंट योजनेच्या दरानं, बाकीच्यांनी रोख भरायचं.

आता सिव्हिलचा जमाखर्च बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडं आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केस पेपरपासून सगळं मोफत झालं. चांगलंच झालं, मी त्याच्या बाजूनं आहे. पण त्यामुळं सिव्हिलला स्वतःची म्हणावी अशी कमाई उरली ती मुख्यतः महात्मा फुले योजनेच्या, म्हणजे राज्याच्या मोफत उपचार योजनेच्या, क्लेमची. ऑपरेशन केलं, आरोग्यमित्रानं कागद अपलोड केले, क्लेम पास झाला की पैसे हॉस्पिटलच्या खात्यात येतात, त्यातून मशिनरी दुरुस्त होते, बाहेरून औषध घ्यायला लागलं तर घेता येतं, स्टाफला थोडा इन्सेंटिव्ह मिळतो. २०२४ पासून योजना सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आणि ५ लाखांपर्यंत, म्हणजे हा पैसा पुढं वाढणारच. आणि नेमका त्याच वेळी क्लेम देणारा पेशंट भिंतीपलीकडं पाठवायचा. इकडं काय राहणार तर साप चावलेला, विष घेतलेला, जळीत, बाळंतपण, बेवारस, आणि पोस्टमार्टेम. त्यांना सोडून द्या असं मी म्हणत नाही, सिव्हिल त्यांच्यासाठीच आहे. पण त्यांचा खर्च भागवायला हातात काय उरतं ते सांगा.

स्टेथो :
जमाखर्च, तुमची काळजी कळते पण एक गोष्ट सुटतेय. सिव्हिलला आज हार्टच्या क्लेमचे पैसे मिळतात का? कॅथलॅबच (अँजिओप्लास्टी करायची यंत्रणा) नाही तर क्लेम कुठून येणार. जे मिळतच नाहीये ते जाणार म्हणून रडायचं कशाला. मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, माझ्याकडे छातीत दुखतंय म्हणून पेशंट येतो, ईसीजीत सरळ हार्ट अटॅक दिसतो, मी गोळ्या देऊन इंजेक्शन देऊन रेफर करतो आणि मग देवाच्या भरवशावर. जिल्ह्याला कार्डिऑलॉजिस्ट सरकारी पगारावर येणार नाही हे मी लिहून देतो. पदं मंजूर असतात आणि वर्षानुवर्षं रिकामी असतात, मशीन येतं आणि चालवणारा माणूस नाही म्हणून प्लास्टिकच्या कव्हरात पडून राहतं. खासगीवाला निदान माणूस आणेल. जमीन तशीही झाडझुडूप वाढून पडलीय.

गोदाकाठ :
स्टेथो +१. माझ्या वडिलांना रात्री दोनला अटॅक आला होता. आमच्याकडं तेव्हा बाजूला असं हॉस्पिटल असतं, खासगी असो की कुणाचंही असो, आम्ही दागिने विकून पैसे भरले असते. ज्याच्यावर वेळ येते त्याला तुमचा जमाखर्च दिसत नाही.

जमाखर्च :
गोदाकाठ, वाचून वाईट वाटलं. तुमच्यासारख्या घरांसाठीच विचारतोय कारण दागिने विकायची पाळी सिव्हिलच्या आवारात तरी यायला नको.

स्टेथो, आज हार्टचे क्लेम शून्य आहेत हे खरं. पण १०० खाटांचं हॉस्पिटल एका जिल्ह्यात नुसत्या हार्टवर ३० वर्षं चालत नाही. दोनेक वर्षांत तो म्हणणार हाडांचं सुरू करू द्या, स्टोन सुरू करू द्या, नाहीतर तोटा होतोय. आणि हाडं, हर्निया, गर्भाशय हे क्लेम आज सिव्हिल करतं. करारात ‘पुढे कोणत्या सेवा वाढवता येतील’ असं एक कलम असतं, खरी मेख तिथं आहे.

डब्लिनकर :
इथे आयर्लंडमध्ये हीच गोष्ट सरकारने देशभर करायची ठरवली होती, को-लोकेशन म्हणायचे, आणि मला हा विषय इतका जवळचा आहे की थोडं लांबण लावतो.

२००५च्या जुलैमध्ये तेव्हाच्या आरोग्यमंत्री मेरी हार्नी यांनी जाहीर केलं की सरकारी हॉस्पिटलच्या आवारातच खासगी हॉस्पिटलं बांधायची. कारण असं दिलं की इथे सरकारी हॉस्पिटलमध्ये साधारण २० टक्के खाटा खासगी विम्यावाल्या पेशंटसाठी ठेवलेल्या असायच्या, तोच डॉक्टर दोन्हीकडचे पेशंट बघायचा आणि विम्यावाल्याचा नंबर आधी लागायचा. म्हणून हे विमावाले शेजारच्या नव्या इमारतीत हलवायचे, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात १००० खाटा सर्वसामान्यांना मोकळ्या होतील, सरकारला बांधकामाचा खर्च नाही, आणि झटपट. ऐकायला कुणालाही पटेल.

पैशाचं गणित मात्र वेगळंच होतं. पहिलं म्हणजे बांधणाऱ्याला टॅक्समध्ये सूट. खासगी हॉस्पिटल बांधायला जो खर्च होईल तो सात वर्षांत उत्पन्नातून वजा करता येत होता, सहा वर्षं १५ टक्के आणि सातव्या वर्षी १० टक्के. त्यावेळी वरच्या उत्पन्नावर ४२ टक्के टॅक्स होता, म्हणजे बांधकामाच्या प्रत्येक १०० युरोतले ४० च्या आसपास सरकारच सोडून देत होतं, फक्त ते बजेटमध्ये खर्च म्हणून दिसत नव्हतं. बदल्यात काय तर २० टक्के क्षमता सरकारी पेशंटसाठी उपलब्ध ठेवायची, तीही फुकट नाही, १० टक्के डिस्काउंटने सरकारने विकत घ्यायची.

दुसरं आणि जमाखर्च म्हणतायत तेच, विमा कंपन्यांकडून सरकारी हॉस्पिटलला जे पैसे यायचे ते शेजारी जाणार. खाट मोकळी झाली पण त्या खाटेवर आता जो झोपणार तो पैसे देणारा नाही, नर्स तीच, औषध तेच, म्हणजे ती खाट चालवायला सरकारने नव्याने पैसे घालायचे.

पुढे काय झालं? २००८ला बँका कोसळल्या, कर्ज देणारं कुणी राहिलं नाही, आणि त्या योजनेतलं एकही हॉस्पिटल उभं राहिलं नाही. २०११ला सरकार बदललं आणि योजना गुंडाळली. इतकी वर्षं त्या जागांवर दुसरं काही आखता आलं नाही, टेंडर आणि वकील यातच वेळ गेला. गंमत नाही, फार मोठी किंमत आहे ही. नंतर २०१७ला सगळ्या पक्षांनी मिळून स्लाँटेकेअर नावाचा आराखडा केला, त्यातही खासगी पेशंट सरकारी हॉस्पिटलातून बाहेर काढायचं ठरलं, पण यावेळी आधी हिशोब मांडला, की त्यामुळे वर्षाला अर्धा अब्ज युरोच्या वर उत्पन्न जाणार आणि ते सरकारला भरून द्यावं लागणार. २००५ला हाच आकडा ठळकपणे लोकांसमोर ठेवायला हवा होता असं माझं ठाम मत.

स्टेथो :
माहितीबद्दल आभार, हे मला नवीन आहे. पण आयर्लंडमध्ये निम्म्या लोकांकडे खासगी विमा, आपल्याकडे परिस्थिती वेगळी. आपल्या सिव्हिलमध्ये पैसे देणारा पेशंट येतच नाही.

डब्लिनकर :
महात्मा फुलेचा क्लेम देणारा पेशंट म्हणजे हॉस्पिटलच्या दृष्टीने पैसे देणाराच की. पैसे सरकारी आहेत एवढंच. एका सरकारी खिशातून निघून दुसऱ्या सरकारी खिशात जायचे ते आता बाहेर जाणार.

सिडनीची_सई :
मी आयर्लंडच्या पुढचा भाग सांगते, म्हणजे हॉस्पिटल खरंच उभं राहिलं तर काय होतं 🙂

आमच्या सिडनीच्या उत्तरेला नॉर्दर्न बीचेस हॉस्पिटल. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. त्याच्यासाठी मॅनली आणि मोना वेल या दोन जुन्या सरकारी हॉस्पिटलांचं काम बंद करून इकडे आणलं. एकाच इमारतीत सरकारी आणि खासगी दोन्ही, चालवणारी हेल्थस्कोप नावाची खासगी कंपनी. सरकारी पेशंटचे पैसे राज्य सरकार कंपनीला देणार. करार असा की सरकारी भाग २० वर्षांनी परत मिळणार आणि खासगी भाग कंपनीकडे ४० वर्षं. सुरुवातीच्याच काही आठवड्यांत मुख्य अधिकाऱ्याने राजीनामा दिला, डॉक्टर कमी, सामान कमी, पेपरात रोज बातम्या. मग कंपनी एका मोठ्या गुंतवणूक फर्मने विकत घेतली, तिच्यावर कर्जाचा डोंगर झाला, आणि २०२५च्या मे महिन्यात कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांनी वसुलीसाठी नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात गेली. त्याआधी २०२४मध्ये एका दोन वर्षांच्या बाळाचा तिथल्या इमर्जन्सीत झालेल्या हलगर्जीनंतर मृत्यू झाला होता, त्याच्या आईवडिलांनी इतकी लढाई दिली की राज्याने पुढे असे करार करायचेच नाहीत असा कायदा आणला. शेवटी सरकारने साधारण १९ कोटी डॉलर देऊन हॉस्पिटल परत घ्यायचं ठरवलं. आपल्याच लोकांसाठी बांधलेलं हॉस्पिटल परत विकत.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. याच राज्यात पोर्ट मॅक्वारीला १९९४मध्ये असाच प्रयोग केला होता, तेव्हा राज्याच्या ऑडिटर जनरलने रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं होतं की सरकार या हॉस्पिटलचे पैसे दोनदा देतंय आणि वर ते देऊनही टाकतंय. २००५ला तेही परत घेतलं. म्हणजे अनुभव गाठीशी असताना वीस वर्षांनी पुन्हा तेच केलं, मला याचा खरंच राग येतो.

मरोळ_नाका :
लांब कशाला जायचं, आमच्या अंधेरीत या. मरोळला महापालिकेची जवळपास १७ एकर जमीन, २००५ला सेव्हन हिल्सबरोबर करार, १५०० खाटांचं हॉस्पिटल बांधायचं, त्यातल्या २० टक्के म्हणजे ३०० खाटा पालिकेच्या पेशंटसाठी, लीज ३० वर्षं. २०१०ला उद्घाटन झालं, बिल्डिंग बघून डोळे दिपायचे. पण पूर्ण १५०० खाटा कधी झाल्याच नाहीत, पालिकेचं भाडं थकलं, बँकांचं कर्ज थकलं. २०१८ला बँक दिवाळखोरी कोर्टात गेली, तेही हैदराबादला कारण कंपनी विशाखापट्टणमची आणि तिकडच्या केसेस तेव्हा हैदराबादला चालायच्या. म्हणजे मुंबईकरांच्या जमिनीवरच्या हॉस्पिटलचं काय करायचं याचा निकाल हैदराबादेत. तिथे दुसऱ्या एका खरेदीदाराचा प्लॅन मंजूरही झाला, ज्यात जमिनीच्या अटी बदलणार होत्या आणि जमीन गहाण टाकून पैसा उभा करणार होते. पालिका सुप्रीम कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१९ला कोर्टाने सांगितलं की पालिकेच्या मंजुरीशिवाय पालिकेच्या जमिनीबद्दल असं काही ठरवता येणार नाही. जमीन वाचली ती तेव्हा.

पण माझा मुद्दा त्याच्या पुढे आहे. जमीन वाचली, हॉस्पिटल कुठे मिळालं? त्या सगळ्या वर्षांत अंधेरी-मरोळच्या गरीब माणसाला त्या ३०० खाटा हव्या होत्या. कोविडमध्ये पालिकेने स्वतः ती इमारत घेऊन चालवली आणि हजारो लोक तिथून बरे होऊन घरी गेले, तेव्हा कळलं की पालिकेला चालवता येतं. आता गोवंडी-मानखुर्दकडची पालिकेची हॉस्पिटलं पीपीपीवर द्यायची म्हणतायत, तिकडचे लोक मोर्चे काढतायत, आणि मला कळत नाही की मरोळचा हिशोब कुणी पुढे का ठेवत नाही.

स्टेथो :
सेव्हन हिल्स हे वाईट व्यवस्थापनाचं उदाहरण आहे, पीपीपीचं नाही. कंपनीने कर्ज जास्त घेतलं. चांगली कंपनी निवडली असती तर?

अर्थात :
स्टेथो, आदरपूर्वक असहमत. मी इन्फ्रा फायनान्समध्ये काम करतो. चांगली कंपनी वाईट कंपनी हा भाग असतोच पण या करारांची ठेवणच अशी असते की कर्ज कंपनी काढते आणि बँकेला आत्मविश्वास येतो तो सरकारच्या जमिनीमुळे आणि सरकारच्या क्लेममुळे. धोका कुणी घेतला हे प्रॉस्पेक्टसमध्ये एक दिसतं आणि हॉस्पिटल अडचणीत आल्यावर दुसरंच. रस्ता बुडाला तर टोल बंद होतो, हॉस्पिटल बुडालं तर सरकार आत पेशंट ठेवून कुलूप लावू शकत नाही, आणि हे कंपनीलाही माहीत असतं आणि बँकेलाही. म्हणून वाटाघाटीत सरकारची बाजू कायम कमजोर.

दुसरं, व्हायबिलिटी गॅप फंडिंग, म्हणजे प्रकल्प खासगी कंपनीला परवडावा म्हणून सरकार देतं ते अनुदान. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने ही योजना सामाजिक क्षेत्रासाठी बदलली. आरोग्य आणि शिक्षणातल्या पायलट प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्र आणि ४० टक्क्यांपर्यंत राज्य देऊ शकतं. शिवाय पहिली पाच वर्षं चालवण्याच्या खर्चातले २५ टक्क्यांपर्यंत केंद्र आणि २५ टक्क्यांपर्यंत राज्य. उदाहरणार्थ १०० कोटींचं हॉस्पिटल धरा. ८० कोटी सरकारकडून येऊ शकतात, जमीन सरकारची, रोजचा निम्मा खर्च पाच वर्षं सरकारचा, पेशंटचे क्लेम सरकारचे. कंपनीचे २० कोटी, त्यातलेही बरेचसे कर्जाने. आणि ताबा ३० वर्षं कंपनीचा. नीती आयोगाचा २०२०चा दुसरा मसुदा होता खासगी मेडिकल कॉलेजला जिल्हा रुग्णालय जोडायचा, त्यात तर ताबा ६० वर्षं, किमान ७५० खाटा आणि त्यातल्या साधारण निम्म्या बाजारभावाने. मग माझा साधा प्रश्न, ८० कोटी घालायची तयारी आहेच तर १०० घालून हॉस्पिटल आपलंच का ठेवू नये? याचं उत्तर मला आजवर एकाही प्रेझेंटेशनमध्ये मिळालेलं नाही.

वॉर्ड_नंबर_तीन :
मी सिस्टर आहे, नाव गाव सांगत नाही. पैशाचं मोठं मला कळत नाही पण जे रोज बघते ते सांगते. आमच्या आवाराला लागूनच एक खासगी हॉस्पिटल आहे, आवारात नाही नुसतं रस्त्याच्या पलीकडे, तरी काय होतं ऐका. पेशंट आधी तिकडं जातो, आठ दहा दिवस व्हेंटिलेटरवर राहतो, योजनेतले पैसे संपले नाहीतर घरच्यांचे संपले की रात्री आमच्याकडं येतो, फुफ्फुसात इन्फेक्शन, पाठीला जखमा, किडनी गेलेली. मग तो पुढं महिनाभर आमच्या आयसीयूत. मेला तर आमच्या रजिस्टरला मृत्यू. त्यांचा रेकॉर्ड चांगला आमचा वाईट. आणि वर पेपरात येतं की सिव्हिलमध्ये मृत्यू जास्त. शिकवून तयार केलेल्या आमच्या कंत्राटी मुली थोडा पगार जास्त मिळाला की तिकडं जातात, त्यांचा तरी काय दोष, इथं चार चार महिने पगार होत नाही. आता हे रस्त्यापलीकडे असताना एवढं, एकाच कंपाउंडात आलं तर स्ट्रेचर नुसतं ढकलायचं बाकी.

गोदाकाठ :
सिस्टर, तुमचं वाचून मी माझ्या म्हणण्याचा दुसऱ्या अंगानं विचार करतोय. पण मग मला एवढंच सांगा, हार्ट अटॅकच्या पेशंटनं करायचं काय? कुणीतरी त्याचं उत्तर द्या. नुसतं नको नको म्हणून चालणार नाही.

जमाखर्च :
रास्त प्रश्न. उत्तर आपल्याच राज्यात आहे. नाशिकला आणि अमरावतीला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयं आहेत, सार्वजनिक आरोग्य विभागाची, पूर्ण सरकारी. नाशिकला हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात, अमरावतीला किडनी ट्रान्सप्लांट झालेत. सरकारी हॉस्पिटलला जमतच नाही हे मी मान्य करणार नाही. तिथंही डॉक्टर टिकवायला त्रास आहे, सुपरस्पेशालिस्टला करारावर, केसप्रमाणं मानधन देऊन आणायला लागतं, पण क्लेमचा पैसा हॉस्पिटलात येतो म्हणूनच ते मानधन देता येतं. तमिळनाडूत सरकारी हॉस्पिटलं तिथल्या विमा योजनेचे क्लेम घेऊन त्यातूनच सोयी वाढवतात, आणि सीटी एमआरआय सरकारचंच औषध महामंडळ चालवतं. स्टेथो, तुम्ही म्हणता ते रिकाम्या पदांचं दुखणं खरं आहे, पण त्यावर इलाज पगार आणि नेमणुका आहे. जमीन देऊन पद भरत नाही, उलट तो कार्डिऑलॉजिस्ट पलीकडच्या इमारतीत बसला की सिव्हिलचं पद कायमचं व्यपगत, म्हणजे रद्द, करायला फाईल फिरते.

स्टेथो :
केसप्रमाणे मानधनावर मी स्वतः आठवड्यातून दोन दिवस सिव्हिलला यायला तयार आहे, हे आधीही सांगितलं होतं वरिष्ठांना. पैसे आठ महिन्यांनी मिळतात म्हणून सहकारी येत नाहीत. ते वेळेवर होत असेल तर मीही तुमच्या बाजूला. पण ते होत नसेल आणि पीपीपीही नको असेल तर आजचीच परिस्थिती राहील, आणि आजची परिस्थिती मला मान्य नाही.

अर्थात :
हे पटलं. आणि पीपीपी आलीच तर निदान काय मागायचं ते आधी ठरवा. रायचूरचं उदाहरण बघा, कर्नाटक सरकारने बांधलेलं सुपरस्पेशालिटी हॉस्पिटल २००२ला अपोलोला चालवायला दिलं, दहा वर्षांनी करार वाढवला नाही, सरकारने परत घेतलं. तिथे मुदत दहाच वर्षं होती म्हणून सुटका झाली. ३० वर्षांत तुमच्या जिल्ह्याचे दहा-बारा कलेक्टर आणि तेवढेच सिव्हिल सर्जन बदलून जातील, करार वाचलेला माणूस ऑफिसात उरणार नाही.

जमाखर्च :
पुढच्या आठवड्यात आमचे काही निवृत्त लोक कलेक्टरांना निवेदन देणार आहेत. मसुदा जाहीर करा, मराठीतून करा, आणि सिव्हिलच्या गेल्या पाच वर्षांच्या क्लेमचे विभागवार आकडे त्याच्यासोबत ठेवा एवढंच मागतोय. क्लेमचे आकडे माहिती अधिकारात मागवायचा अर्ज मी आजच टाकलाय. अर्थात, तुम्ही सांगा, करारातलं कुठलं कलम आधी बघू?

अर्थात :
टर्मिनेशन पेमेंट. कंपनी स्वतःच्या चुकीने बुडाली तरी सरकारने तिच्या कर्जाचा किती टक्के भाग फेडायचा ते तिथे लिहिलेलं असतं. त्यानंतर एस्क्रो खातं, म्हणजे सरकारचा क्लेम लांबला तर कंपनीला आधी पैसे कुठून मिळणार ते. सिव्हिलचे क्लेम लांबले तर सिव्हिलसाठी असं खातं नाही, हे निवेदनात नक्की घाला. आणि जमीन गहाण टाकता येईल का, हा शब्द कुठल्याही परिशिष्टात असला तरी शोधून काढा, मरोळला सगळं तिथेच अडकलं होतं.

सिडनीची_सई :
आणि नवीन सेवा वाढवायचं कलम. जमाखर्च, तुम्हीच वर लिहिलंय. इथलं नॉर्दर्न बीचेसचं ऑडिट रिपोर्ट सार्वजनिक आहे, मी आजपासून त्याचे मुद्दे मराठीत काढून इथेच टाकते, निवेदनाला जोडा.